डालग्यावर दगड

पोरी,

तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं, की ठाण्याचा फ्लॅट बंद करून तू माझ्या माहेरच्या घरात राहायला आलीस, आणि पहिल्याच आठवड्यात बाजारातून चार गावठी तलंगा, एक कोंबडा आणि नऊ पिल्लांसकट एक कोंबडी घेऊन आलीस. फार बरं वाटलं. त्या परसात पंधरा वर्षांत कोंबडा आरवला नव्हता. मग तो म्हणाला, ठकीपण आहे बरोबर. तेव्हा मी चष्मा शोधला आणि लिहायला बसले. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून कबुतरं बघत वाढलेलं मांजर ते. कोंबडी म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि मांजर असताना कोंबड्या कशा पाळायच्या हे तुलाही कोणी सांगितलेलं नाही.

घाबरू नकोस. मांजर आणि कोंबडी एका अंगणात चांगली नांदतात, आपल्या कोकणात तर घरोघरी नांदतात. मात्र रोज दिवेलागणीला कोणीतरी उठून दार लावत असतं, म्हणून नांदतात. गेली चाळीस वर्षं ते दार मी लावते आहे. ज्या दिवशी लावायला विसरले त्यातला एकेक दिवस मला आठवतो. त्या दिवसांनी जे शिकवलं ते कानमंत्र म्हणून खाली लिहिते. एका दमात वाचू नकोस. संध्याकाळी खुराड्यापाशी पाट टाकून बस आणि थोडं थोडं वाच.

आधी ठकीचं

१. पहिले दोन-तीन आठवडे ठकीला घराबाहेर सोडू नकोस – मांजर जागेला बांधलेलं असतं. नव्या घराचा वास अंगात मुरायच्या आत बाहेर पडलं तर जुनं घर शोधत निघतं आणि वाटेत हरवतं.

२. त्या दिवसांत तिला पडवीच्या गजांतून कोंबड्या बघू दे, आणि तिचं जेवणही तिथेच वाढ – जेवताना रोज जे समोर असतं ते सवयीचं होतं, त्याचं अप्रूप राहत नाही.

३. पहिली समोरासमोर गाठ उन्हं चांगली वर आल्यावर घाल, तिन्हीसांजेला नको – मांजराची शिकारीची वेळ पहाटेची आणि कातरवेळची. दुपारी ते सावली शोधतं.

४. त्या दिवशी तिच्या अंगावर पट्टा असू दे, टोक तुझ्या हातात, पण ओढाताण नको – गळा आवळला की मांजर घाबरतं, आणि ती भीती कोंबड्यांच्या खात्यावर जमा होते.

५. ठकीने पोट जमिनीला टेकवलं, शेपटीचं टोक हलायला लागलं, मागचा भाग डोलायला लागला, की उठून मध्ये उभी राहा – त्या दोन-तीन क्षणांत मांजर थांबवता येतं, नंतर येत नाही.

६. मारू नकोस, नजर तोड, उचल आणि आत ने – मार खाल्लेलं मांजर कोंबडी सोडायला शिकत नाही, तुझी पाठ वळायची वाट बघायला शिकतं.

७. शेजारची पोरं कोंबड्यांमागे धावायला लागली तर त्यांना थांबव – धावतं ते सगळं मांजराला उंदरासारखं दिसतं. उभी कोंबडी शेजारीण, पळती कोंबडी शिकार.

८. कोंबडा पिसं फुलवून ठकीच्या अंगावर गेला तर मध्ये पडू नकोस, तिला पळायला मोकळी वाट तेवढी ठेव – जे तुला महिन्याभरात शिकवता येणार नाही ते तो एका सकाळीत शिकवतो.

९. उद्या मांजराचं पिल्लू आणलंस तर मात्र उलटं कर, तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला कोंबड्यांपासून जप – कोंबडीची चोच चमकणाऱ्या गोष्टीवर जाते, आणि पिल्लाचे डोळे चमकतात.

मोठ्या कोंबडीची काळजी दिवसा फार करू नकोस. ठकी असेल साडेतीन किलोची, गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची, कोंबडा दोनच्या आसपास. वजनात मांजर जड आहे खरं, पण एकटं शिकार करणाऱ्या जनावराला जखम परवडत नाही. डोळ्याला चोच लागली की पुढची शिकार बंद. म्हणून शहाणं मांजर अंगाने मोठ्या, न पळणाऱ्या कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही. आमच्याकडे तर भर उन्हात एकाच पेंढ्याच्या ढिगावर एका टोकाला मांजर आणि दुसऱ्या टोकाला तीन कोंबड्या झोपलेल्या मी कित्येकदा पाहिल्यात.

पिल्लांचं

इथे जरा सावकाश वाच.

तुझा बाबा कॉलेजात होता आणि माझं लग्न व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. त्याच घरात, त्याच पडवीत. श्रावणातला पाऊस लागला होता. अंड्यांवर खुडूक बसवलेल्या कोंबडीने अकरा पिल्लं काढली होती आणि ती सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. रात्री पिल्लांवर बांबूचं डालगं झाकताना तुझी आजी आतून म्हणाली, दगड ठेवलास का गो? मला वाटलं, पडवीत तर आहे, दगड कशाला? पावसात जाऊन आणायचा कंटाळा आला. सकाळी डालगं एका बाजूने उचललेलं, कोंबडी गळा काढून ओरडत होती आणि पिल्लं चार. शेजारी आमचा पिवळा बोका बसलेला. मी केरसुणीने त्याला बडवलं, अगदी तो घराबाहेर जाईपर्यंत. तिसऱ्या दिवशी केर काढताना कोपऱ्यातल्या जात्यामागे घुशीचं बीळ दिसलं आणि बिळाच्या तोंडाशी पिवळी पिसं. बोका त्या रात्री बहुधा घुशीच्या मागावरच बसलेला होता. तो पुढे दोन वर्षं शेजारच्या गडग्यावर दिसायचा, मी हाक मारली की बघायचा, पण आपल्या उंबऱ्याच्या आत तो परत आला नाही. सात पिल्लांपेक्षा मला ते जास्त लागलं. अजून लागतं.

१०. डालग्यावर दगड. रोज, न चुकता, पडवीत असलं तरी – बांबूचं डालगं हलकं. मांजराच्या डोक्याने आणि घुशीच्या पाठीने ते सहज उचललं जातं.

११. डालगं ठेवण्याआधी खालची जमीन हाताने चाचपून बघ – दोन बोटांची फट दिवसा दिसत नाही, रात्री घुशीला बरोबर सापडते.

१२. पिल्लं आणि ठकी यांच्यामध्ये तीन महिने काहीतरी घट्ट असू दे, डालगं, जाळी किंवा दार – उबून निघालेलं पिल्लू तीस-पस्तीस ग्रॅमचं, म्हणजे उंदराएवढं, आणि त्याची चिवचिव मांजराच्या कानाला उंदरासारखीच बारीक लागते. ठकीचा स्वभाव गोड असेल, पण कान मांजराचेच आहेत.

१३. दिवसा पिल्लं आईबरोबर सोडायची तर पहिले पंधरा दिवस तूही तिथेच बस, तांदूळ निवड, भाजी चीर – आई एका वेळी एका बाजूलाच बघू शकते, आणि नवातलं एक पिल्लू नेहमी मागे रेंगाळतं.

१४. पुढे कधी कोंबडी खुडूक बसवलीस तर दिवस लिहून ठेव. अंडी २१ दिवसांनी फुटतात, पण एकोणिसाव्या दिवसापासूनच ठकीला त्या खोलीत येऊ देऊ नकोस – पिल्लू कवचाच्या आतूनच चिवचिवायला लागतं, आणि ते तुझ्याआधी तिला ऐकू येतं.

१५. आईविना आणलेली पिल्लं बल्बखाली वाढवायची वेळ आली तर खोक्याच्या वर जाळी तारेने बांधून टाक, नुसती टेकवू नकोस – पहिल्या आठवड्यात तिथे पस्तीस अंशांची ऊब लागते, आणि ऊब म्हटलं की मांजर त्यावर जाऊन बसतंच. ठकीच्या वजनाने जाळी आणि बल्ब दोन्ही पिल्लांवर येतील.

१६. पिल्लू हातात धरून ठकीच्या नाकाशी नेऊ नकोस, फोटोसाठी तर नकोच नको – तुझ्या हातात फडफडणारं पिल्लू तिला तू आणून दिलेला घास वाटतो.

१७. कधी तिच्या तोंडात पिल्लू दिसलंच तर मागे धावू नकोस. एका जागी उभी राहून तिची मासळीची थाळी वाजव – पाठलाग केला की पकड घट्ट होते, ओळखीचा आवाज आला की तोंड सुटतं.

१८. सुटलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखव – मांजराच्या दातावरचे जंतू सुईच्या टोकाएवढ्या जखमेतून रक्तात जातात, आणि खेळणारा पक्षी एक-दोन दिवसांत मान टाकतो.

खुराडा

तुझ्या आजोबांनी चिऱ्यांचा तो खुराडा स्वतः बांधला. भिंती अजून शंभर वर्षं उभ्या राहतील, दाराची मात्र मला खात्री नाही.

१९. खुराड्याचं दार सूर्य मावळायच्या सुमाराला लाव, टीव्ही लागल्यावर नव्हे – कोंबडीला अंधारात दिसत नाही, आणि मांजराला तुला लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा उजेड पुरतो. दार लावायला आळस, पिसं वेचायला दिवस.

२०. आत घेताना बोट लावून मोज – रात्री मोजली ती घरची, सकाळी मोजली ती नशिबाची.

२१. कडी नुसती अडकवू नकोस, कोयंड्यात काडी घाल – हलणारं दार मांजर पंजाने खेळत खेळत उघडतं. बाकीच्या जनावरांना तेवढंही करावं लागत नाही.

२२. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, जाड तारेची घे – षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला अडवायला नाही.

२३. जाळीचा खालचा हातभर भाग फळीने झाक – कोंबड्या जाळीला टेकून झोपतात, आणि बाहेरून आलेल्या एका पंजाला तेवढं अंतर पुरतं.

२४. बसायची दांडी भिंतीपासून वीतभर आत बांध, सगळ्या एका उंचीवर बसतील अशी – खाली कोपऱ्यात झोपणारी कोंबडीच नेहमी आधी जाते.

२५. वरून उघडं कुंपण म्हणजे कोंबड्यांसाठी कुंपण, मांजरासाठी पायरी – मांजर पाच फूट सहज उडतं, आणि तुझ्या परसात तर फणसाची फांदी थेट कौलांवर आलेली आहे. ती पावसाआधी छाटून घे.

२६. पाटीतली अंडी सकाळ-दुपार दोनदा काढ – अखंड अंडं फोडायच्या भानगडीत मांजर फारसं पडत नाही, पण फुटलेलं चाटायला लागलं की त्या पाटीची चटक लागते.

२७. ठकी अंड्यांच्या पाटीत झोपायला लागली तर हाकलत बसू नकोस, तिला पडवीत तसाच पेंढा घातलेली दुसरी पाटी दे – तिला तुझी अंडी नको असतात, मऊ आणि अंधारी जागा हवी असते.

पाटीवरून आठवलं. आमच्या भाटी मांजरीने एकदा अशाच पाटीत तीन पिल्लं घातली, आणि खुडूक झालेली कोंबडी त्यांच्यावर बसली. खरंच. भाटी दूध पाजून बाहेर गेली की कोंबडी पंख पसरून पिल्लांना ऊब द्यायची. सगळी आळी बघायला आली होती. पण पिल्लं डोळे उघडायच्या बेताला आली तेव्हा मी त्यांना उचलून घरात घेतलं. चोचीचं काय ते नवव्या कानमंत्रात लिहिलंच आहे.

माती, राख आणि ठकीचा कोपरा

कोंबडी पाण्याने न्हात नाही, मातीने न्हाते. भुसभुशीत जागा उकरून त्यात लोळते, माती पिसांत घेते आणि झटकते. त्याने तिच्या अंगावरच्या उवा-पिसवा जातात. आता गंमत बघ, नेमकी तशीच भुसभुशीत जागा मांजरही शोधतं, पण दुसऱ्या कामाला. माझ्या संसारात मांजर-कोंबडीची खरी कटकट झाली ती या मातीवरून. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा रोगजंतू मातीत जाऊ शकतो, कोंबडी ती माती टोचते, आणि कच्चं राहिलेलं मांस आपण खाल्लं की तो आपल्यापर्यंत येतो.

२८. कोंबड्यांची न्हाणी पागोळीच्या आत, कोरड्या जागी कर. माती, वाळू आणि चुलीची थंड राख एकत्र घाल, आणि संध्याकाळी त्यावर पत्रा ओढ – उघडी राहिली तर सकाळपर्यंत ठकीची होते.

२९. ठकीला केळीच्या मागे दोन घमेली वाळूचा स्वतःचा कोपरा दे – तिची जागा जास्त भुसभुशीत असेल तर ती दुसऱ्याची घेणार नाही.

३०. तो कोपरा रोज खुरप्याने साफ कर, आठवड्यातून एकदा नव्हे – विष्ठेतला तो जंतू लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज काढलीस तर तो दिवस येतच नाही.

३१. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं, आणि बागेची माती उकरतानाही हातमोजे घालायचे – हा जंतू पोटातल्या बाळाला अपाय करतो.

३२. पावसाळ्यात खुराडा अनवाणी झाडू नकोस – जिथे दाणे तिथे उंदीर, आणि उंदराच्या मुतातून आपल्या जिल्ह्यात लेप्टोचा ताप येतो. पायाला साधी भेग असली तरी पुरते.

खाणंपिणं

३३. आधी ठकीला वाढ, मग कोंबड्यांची दारं उघड – भरल्या पोटी मांजर झोपतं. डोळा मात्र जागाच असतो, म्हणून पिल्लांच्या बाबतीत या कानमंत्रावर विसंबू नकोस.

३४. तिचं ताट कट्ट्यावर किंवा खिडकीत ठेव – कोंबड्या मांजराचं खाणं मिनिटात फस्त करतात, आणि ताटावरची भांडणं पुढे अंगणात येतात.

३५. तिला दूधभातावर ठेवू नकोस. उकडलेली मासळी, शिजवलेलं मांस किंवा मांजराचं विकतचं खाणं दे, मीठ-मसाला-कांदा न घालता – मांजराचं शरीर मांसावरच चालतं, आणि ताटात मिळालं नाही तर ते अंगणात शोधतं.

३६. संध्याकाळी पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून तिच्याशी खेळ – इंग्लंडमधल्या एक्सटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये पाहिलं, की असं रोज खेळल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली, आणि मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाणं दिल्यावर ३६ टक्क्यांनी. लेकीने वाचून दाखवलं तेव्हा मला माझ्या आजीची आठवण झाली. ती चुलीपाशी बसून मांजराला सुंभाचा तुकडा ओढत असे. पीस मात्र कोंबडीचं नको, कापडाचं फडकं घे.

३७. गळ्यात घुंगरू बांधून निश्चिंत होऊ नकोस – त्याच अभ्यासात घुंगरांचा फरक दिसला नाही, आणि आमच्या मांजराने तर घुंगरू न वाजवता चालायला महिन्यात शिकून घेतलं होतं.

३८. मिरग तोंडावर आलाय. मिरगाचा कोंबडा कापशील तेव्हा आतडी-पिसं ठकीपुढे कच्ची टाकू नकोस. मांस शिजवून, हाडं काढून दे – कच्च्यातून जंतू जातात, शिजलेलं हाड काट्यासारखं फुटून आतड्यात रुततं, आणि पिसांचा वास म्हणजे जेवण हे गणित तिच्या डोक्यात बसायला नको.

३९. दाणे पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट, आणि सांडलेलं त्याच संध्याकाळी झाड – सांडला दाणा, आला उंदीर. उंदरामागे ठकी आणि उंदरामागेच नाग. हा एक नियम पाळलास तर निम्मे कानमंत्र लागणारच नाहीत.

४०. उंदराचं विष घरात आणू नकोस, कोणी फुकट दिलं तरी – विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, तो ठकी आधी पकडते, आणि विषाचे दाणे कोंबड्या टिपतात. एका पुडीत दोन्हीकडचा घात.

औषधपाणी

४१. खुराड्यातल्या पिसवांसाठी औषध फवारायचं तर डब्यावरचं नाव वाच. परमेथ्रिन असेल तर ठकीला पूर्ण वाळेपर्यंत तिकडे फिरकू देऊ नकोस आणि तिच्या अंगावर तर ते कधीच लावू नकोस – कोंबडीला चालणारं हे औषध मांजराच्या जिवावर बेततं.

४२. कोंबडीच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळे ठिपके चिकटून बसलेले दिसले तर ठकीच्या कानांच्या कडाही बघ – ती चिकट पिसू दोघींच्याही अंगावर राहते. एकीवर उपचार करून भागत नाही.

४३. ठकीला तापाची गोळी आपल्या डब्यातली देऊ नकोस – पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

४४. रेबीजची लस दरवर्षी, तारीख कॅलेंडरवर लिहून – इथे तिची गाठ मुंगसाशी, कुत्र्याशी, भटक्या बोक्याशी पडणार. तुला कोणाचंही नख-दात लागलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

४५. अजून केली नसशील तर तिची नसबंदी करून घे – नाहीतर गावातले सगळे बोके तुझ्या खुराड्यावरून फेऱ्या मारतील, आणि ते ठकीसारखे शिकवलेले नाहीत.

४६. कोंबड्या एकाएकी पटापट मरायला लागल्या तर ठकीला त्या क्षणी घरात कोंड, मेलेल्याला उघडा हात लावू नकोस, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळव – २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. हा रोग मांजराच्या कुळालाही होतो. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच गेले.

चोर कोण ते नीट बघ

कोंबडी गेली की पहिलं बोट मांजराकडे जातं, कारण ते समोर असतं. माझं गेलं होतं. म्हणून हे मुद्दाम लिहिते. दिवसाढवळ्या पिल्लू गेलं आणि मागे काहीच उरलं नाही, तर आधी माडांच्या वर बघ, घार घिरट्या घालत असेल. कोंबडा घारीला एक आवाज देतो आणि जमिनीवरच्या जनावराला दुसरा. महिनाभर कान दे, तुला फरक कळायला लागेल. रात्री बंद डालग्यातून पिल्लं गेली तर घूस. दिवसा दोन-तीन कोंबड्यांच्या माना चावलेल्या आणि अंडी फोडलेली असतील तर मुंगूस. अंडी गेली आणि कवचाचा तुकडाही नाही, तर साप; अशा वेळी पाटीत हात घालू नकोस, आधी बॅटरी मार. रात्री मोठी कोंबडीच उचलून नेली असेल तर उदमांजर किंवा रानमांजर. हे रानमांजर लांबून अगदी घरच्यासारखं दिसतं, पण पाय उंच, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळी वलयं. ठकी नेईल ते लहान पिल्लू, आणि बहुतेक वेळा ते तुझ्याच कुठल्यातरी पलंगाखाली सापडेल.

४७. काहीही झालं तरी फासकी लावू नकोस – रानमांजराला आणि मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि फासात पहिली अडकते ती घरचीच मांजर.

४८. पिल्लू गेलेल्या दिवशी ठकीवर ओरडण्याआधी बीळ शोध, पिसं बघ, जाळीला हात लावून बघ – रागाची घाई एका सकाळची असते, मांजर मात्र घर कायमचं सोडतं.

डालगं माळ्यावर आहे, चुलीच्या वरच्या बाजूला. लहानपणी तू त्यातच शिरून बसली होतीस आणि आजीने पिल्लांबरोबर तुलाही मोजलं होतं. दगड तुळशीमागे आहे, काळा, चपटा, एका हाताला जड वाटेल असा. आज अंधार पडायच्या आत तो आणून डालग्यावर ठेव, पिल्लं नऊच आहेत ना ते मोज, आणि मला फोन कर. दहा वाजेपर्यंत मी जागी आहे.

तुझी
आत्या